तिसऱ्या पायरीची पिवळी पानं

शाउएन, २६ जुलै

अम्ती रहिमो यांना,

सलाम. मंगळवारी जे झालं ते क्रमानं लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको.

१. सकाळी मी सेल्लामच्या व्हॅनमधून ऐन बल्लूतला उतरले. तुम्ही मला ओळखलं नाही. मग ओळखलं.

२. तुमच्या परवान्यातल्या, डोंगरउतारावरच्या शेताच्या तिन्ही पायऱ्या मी पाहिल्या. वरच्या दोन पायऱ्यांवरची भांग निरोगी आहे. फुलोरा वेळेवर आहे, नर झाडं वेळेवर उपटलेली आहेत.

३. सगळ्यात खालच्या, तिसऱ्या पायरीवर झाडांची बुडाकडची पानं पिवळी पडली आहेत. शिरा हिरव्या, शिरांमधला भाग पिवळा.

४. मी विचारलं, "हे कशानं?" तुम्ही म्हणालात, "उन्हानं." तिन्ही पायऱ्यांवर ऊन सारखंच पडतं.

५. तिसऱ्या पायरीवर झाडांच्या मागे एक गवती टोपी दिसत होती. मी असेपर्यंत ती हलली नाही.

६. मी तपासणीसाठी सहा पानं घेतली.

७. निघताना तुम्ही मधाची बरणी दिलीत. मी ती बांधावर ठेवून आले.

बरणीबद्दल: मी सहकारी संस्थेची तंत्रज्ञ म्हणून आले होते, आत्याची भाची म्हणून नाही. गैरसमज नसावा.

आता झाडांबद्दल. फुलोऱ्यात आलेल्या झाडाला काही कमी पडलं तर ते कुठे कमी पडलं यावरून काय कमी पडलं हे ओळखता येतं. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही झाडाला हलवता येतात. ती जुन्या पानांतून काढून झाड फुलांना देतं, म्हणून आधी खालची पानं जातात. लोह झाडाला असं हलवता येत नाही, ते कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं आधी फिकी होतात. तुमच्या झाडांची खालची पानं गेली आहेत आणि शिरा हिरव्या राहिल्या आहेत. माझा पहिला अंदाज मॅग्नेशियम. नत्र असतं तर शिरांसकट सगळं पान पिवळं झालं असतं. अंदाज म्हणजे निदान नव्हे.

मला एवढं कळवा: या हंगामात तिसऱ्या पायरीला कुठलं खत दिलं? रासायनिक, शेणखत, बाटलीतलं औषध, जे असेल ते. त्या पायरीची आणखी दहा पानं वर्तमानपत्रात दाबून पाठवा. पाकिटावर संस्थेचा शिक्का आहे, तो झाकू नका.

पत्रानंच कळवा. फोनसाठी तुम्हाला डोंगराच्या सोंडेवर चढावं लागतं, आणि वाऱ्यात तुम्ही सगळ्यालाच "हो हो" म्हणता.

संस्था सप्टेंबरात माल उचलेल. जी पायरी ऑगस्टअखेर सावरलेली नसेल ती घेतली जाणार नाही.

नुहैला


ऐन बल्लूत, ३० जुलै

बेंती नुहैला, माझ्या लेकी,

सलाम, आणि त्यावर आणखी दोन सलाम, कारण तुझ्या पत्रात एकच होता आणि तोही इस्त्री केलेला.

माझ्या अक्षराला हसू नकोस. मशिदीतल्या वर्गात दोन हिवाळे बसले. शिकवणारी पोरगी म्हणायची, "लाल्ला रहिमो, तुमची अक्षरं लंगडतात." म्हटलं, बाई गं, माझा गुडघाही लंगडतो, पण पोचते की नाही मी रोज?

पानं पाठवते आहे. पाकीट दिलं तर सेल्लाम म्हणतो, "यात काय आहे?" म्हटलं, "किफची पानं." "अगं हळू बोल! वेडी का खुळी?" "अरे, शिक्का आहे त्यावर." त्यानं शिक्का उलटासुलटा पाहिला, उन्हात धरून पाहिला, आणि शेवटी पाकीट टोपीखालीच घातलं. काय करणार? पूर्वी एक पान खिशात सापडलं तरी माणूस आत जायचा. आता पान पाठवलं नाही तर तू डोळे वटारतेस.

खताचं विचारतेस. काही घातलं नाही. शपथेवर. पाणी आणि अल्लाचं नाव, बाकी एक चिमूट नाही. खतवाला गोण्या घेऊन आला होता, म्हणाला दुसऱ्या पायरीवर देठ जांभळे दिसतात, स्फुरद कमी आहे. मी म्हटलं माझी भाची बघेल, तू पुढे हो.

टोपीचंही विचारायचं होतं तुला, पण तू विचारलं नाहीस. तो मफद्दल, माझा नवरा. तुझ्या लहानपणी जो तुला खांद्यावर घेऊन अंजिरं काढायला लावायचा, तोच. किफ लावली म्हणून त्याच्या नावाचं पकडवॉरंट निघालं तेव्हा तू दुधाचे दात पाडत होतीस. एकोणीस वर्षं तो जंगलात राहिला, देवदारांत, मेंढपाळांच्या झोपड्यांत. बाजार नाही, मशीद नाही, कोणाचं लग्न नाही, मयत नाही. मी भाकरी दगडाखाली ठेवायची, तो घेऊन जायचा. गेल्या वर्षी माफी झाली आणि हा माणूस घरी आला. म्हणजे अंगणापर्यंत आला. छपराखाली यायला तयार नाही. तिसऱ्या पायरीवर घोंगडी टाकून झोपतो.

मी म्हणते, "मफद्दल, माफी झाली. कागद आला."

म्हणतो, "कागद त्यांनी लिहिला. मी कुठे लिहिला?"

"मग तुला काय पाहिजे? काजीला बोलावू?"

"वरच्या दोन पायऱ्या तू लावल्यास," म्हणतो. "ही मी लावली. दिवसाउजेडी, उभ्यानं, टोपी घालून. हिचा माल सरकारी काट्यावर चढू दे. कोणी मला धरलं नाही तर त्या दिवशी आत येऊन झोपेन."

म्हणून म्हणते, बेंती, ती पायरी जगव. मला पिकाची हौस नाही. मला तो माणूस घरात हवा आहे. तुझी ती उत्तरेची खोली मी सारवून ठेवली आहे, चादर घातली आहे. रोज सकाळी ती चादर मी झटकते, आणि तिच्यातून धुळीशिवाय काही निघत नाही.

मध बांधावरच आहे. मुंग्यांनी तुझ्यासारखा विचार केला नाही.

तुझी अम्ती रहिमो


शाउएन, ५ ऑगस्ट

अम्ती रहिमो,

सलाम. दोन सलाम.

पानांचा अहवाल आला. मॅग्नेशियम कमी आहे, अंदाजाप्रमाणे. पालाश मात्र फार जास्त आहे. खत दिलेलं नसताना पालाश इतकं का, हे मला कळत नाही. मी असं वाक्य सहसा लिहीत नाही.

तूर्त एवढं करा. सेल्लामकडे मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी दिली आहे, दिसायला मीठच आहे, स्वयंपाकात घालू नका. दहा लिटर पाण्यात दोन चमचे विरघळवून, ऊन उतरल्यावर, झाडाच्या मुळाशी द्यायचं. पानांवर फवारलं तर गुण लवकर येतो, पण फुलोरा दाट आहे. फुलात ओल अडकली की आतून बुरशी धरते आणि ती बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून फक्त मुळाशी.

दुसऱ्या पायरीवरच्या जांभळ्या देठांना काहीही झालेलं नाही. पानं हिरवी आहेत, वाढ चांगली आहे. आपल्या गावठी वाणात काही झाडांचे देठ जन्मापासून जांभळे असतात. खतवाल्याकडून काही घेऊ नका.

मफद्दल यांच्याबद्दल लिहिलंत ते वाचलं. निदानात त्याचा उपयोग नाही, पण वाचलं.

आणखी एक निरीक्षण. तुम्ही पाठवलेलं एक पान मी प्रयोगशाळेच्या खिडकीला धरलं होतं. उजेडात शिरा हिरव्या दिसतात आणि त्यांच्या मध्ये पिवळे तुकडे. वरून पाहिलं तर आपली दरी अशी दिसत असावी, पाट हिरवे आणि पायऱ्या वाळलेल्या. मी बराच वेळ धरून उभी होते. हे अहवालात लिहिलेलं नाही.

नुहैला


ऐन बल्लूत, १० ऑगस्ट

बेंती,

"आपली दरी" असं लिहिलंस. मी तीनदा वाचलं, मग फत्तूशला वाचून दाखवलं. ती शेजारीण आठवते ना? म्हणाली, "शहरात जाऊन पोरगी फार सुकली होती, आता जरा ओल धरतेय." मनाला लावून घेऊ नकोस, तिची जीभच तशी आहे.

तुझं मीठ घातलं. सांगितलंस तसंच. गुण नाही. उलट आता शेंड्याची पानंही फिकी पडलीत, मेणासारखी. सकाळी धुकं खाली उतरतं, त्यात ती पायरी अशी दिसते की कोणी मेणबत्त्या लावून विसरून गेलं आहे. बाकी दरी हिरवी, आणि मध्येच तो उजेड. सुंदर दिसतं, हे सांगायला लाज वाटते. आजारी माणूस कधी कधी सुंदर दिसतो ना, तसं. फुलांचा वास इतका जड झालाय की मी बांधावर बसले की डुलकी लागते, आणि डुलकीत दिसतं की मफद्दल चादरीवर झोपलाय आणि चादर पिवळी होत चालली आहे.

त्याचं काय सांगू? काल झाडाच्या बुंध्याला हात लावून बसला होता. म्हणाला, "रहिमो, शेत मला ओळखत नाही."

"शेताला काय डोळे आहेत?"

"वरच्या दोन पायऱ्या तुला ओळखतात. मी रात्रीचा माणूस. माझ्या हातचं दिवसा उगवत नाही."

मी म्हटलं, "तोंडात माती पडो तुझ्या." पण संध्याकाळी पाहिलं तर घोंगडी गुंडाळून दोरीनं बांधून ठेवलेली. जंगलात जाताना बांधायचा तशी.

मी म्हटलं, एकदा आत येऊन तरी बघ. म्हणतो, "भिंतीत कान बंद होतात. बाहेर पाट वाहतो, पाण्याचा आवाज बदलला की कळतं कोणी ओलांडलं. आत मला काय कळणार?"

मला वाटलं होतं यंदा उन्हाळ्यातल्या अन्सराच्या शेकोट्यांनंतर सगळं नीट होईल. काय अन्सरा झाला गं! तो इतक्या वर्षांनी गावात, म्हणून प्रत्येक घरानं शेकोटी मोठी केली. सगळ्यांनी उड्या मारल्या, फत्तूशनंसुद्धा, त्या वयात. आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव आपापली राख टोपल्यांत भरून घेऊन आलं. "मफद्दलच्या पायरीला," म्हणाले. आपल्या शेताला कोणी चिमूटही ठेवली नाही. सगळी बरकत त्याला. तो रडला गं. मग दोन दिवस बसून त्यानं एकेका झाडाच्या बुडाशी ती हातानं कालवली, पोराच्या अंगाला तेल लावावं तशी. एवढी बरकत घालूनही पानं पिवळी? कोणाची नजर म्हणावी ही?

लवकर काही सांग. ती घोंगडी मला बघवत नाही.

रहिमो


शाउएन, १३ ऑगस्ट

अम्ती,

नजर कोणाची नाही. राखेची बाधा आहे.

मी तुम्हाला विचारलं होतं, खत काय दिलं. तुम्ही खरं उत्तर दिलंत. अन्सराची राख आपल्याकडे कोणी खत म्हणून घालत नाही. माझ्या प्रश्नांत राख नव्हती. ती असायला हवी होती. त्या शेकोटीवरून मीही उड्या मारल्या आहेत. एकदा झग्याचा काठ जळाला होता आणि तुम्ही तो ताकानं विझवला होता. तुमचं पत्र वाचताना ताक आणि धूर असा एकत्र वास आला. मी खिडकी उघडली तरी गेला नाही.

आता कारण. राखेत पालाश भरपूर असतं. झाडाच्या मुळाशी पालाश आणि मॅग्नेशियम एकाच दारानं आत जातात. दारात पालाशची गर्दी झाली की मॅग्नेशियम बाहेर उभं राहतं. म्हणून मी पाठवलेलं मीठ वाया गेलं. शिवाय राख चुन्यासारखी आहे, ती मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढवते. आपली माती मुळात आंबट, तिला दर वर्षीची चिमूटभर राख औषधच होते. पण सगळ्या गावाची राख एका पायरीला म्हणजे माती दुसऱ्या टोकाला गेली. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. शेंडे फिके पडले ते त्यामुळे. दोन आजार दिसतात, मूळ एक.

उपाय, याच क्रमानं:

आधी बुडाजवळची करडी माती दोन बोटं खोल हातानं खरवडून काढायची. कुदळ नको, मुळं वरच आहेत. मग बल्लूताच्या झाडांखालची कुजलेली पानमाती आणून त्या जागी पसरायची. मग पाणी. नेहमीसारखं ओलं करून चालणार नाही, पायरीतून आरपार वाहून गेलं पाहिजे, म्हणजे राखेचं खारं पाणी निघून जाईल. तुमच्या एका पाळीचं पाणी पुरणार नाही. शेजाऱ्यांच्या पाळ्या लागोपाठ मागून घ्याव्या लागतील. माती निथळली की सेल्लामकडची लाल भुकटी पाण्यात कालवून मुळाशी द्यायची. ते लोह आहे, अशा मातीतही झाडाला घेता येतं. हात लाल होतील, घाबरू नका.

पिवळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत. त्यांच्याकडे बघू नका. शेंड्याकडे बघा.

शेजाऱ्यांना कारण सांगावं लागेल. तुम्हाला ते जड जाईल, कल्पना आहे. त्यांना हेही सांगा की राख वाईट नाही, एका जागी फार झाली. खरवडलेली माती फेकू नका. अंजिरांच्या खाली आणि वरच्या पडीक तुकड्यावर पातळ पसरा. अंजिराला ती मानवते. बरकत मोजण्याचं उपकरण माझ्याकडे नाही, पण पसरल्यानं ती कमी होत असेल असं वाटत नाही.

घोंगडीची दोरी सोडू नका. ती त्यांनाच सोडू द्या.

नुहैला


ऐन बल्लूत, २२ ऑगस्ट

नुहैला,

आधी चांगलं सांगते, मग दुसरं.

तुझं पत्र आलं आणि मी दोन दिवस विहीर टाळली. लोकांनी प्रेमानं दिलेलं, ते विष झालं म्हणून कसं सांगायचं? शेवटी विहिरीवर तोंड उघडलं. फत्तूश कंबरेवर हात ठेवून उभी. "माझ्या शेकोटीची राख बाधली? तुझ्या त्या भाचीला सांग, तिचं शेंबडं नाक मी याच पदरानं पुसलंय!"

मी म्हटलं, "अगं, एकट्या तुझ्या राखेनं नाही, सगळ्यांची मिळून झाली."

"म्हणजे सगळं गाव बाधलं म्हण की!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "भांडण नंतर करा. आधी टोपल्या द्या."

मफद्दल. विहिरीवर, बायकांत, भर दुपारी. माणूस आल्यापासून तिघांसमोर एकदम बोलला नव्हता. फत्तूशनं कंबरेवरचे हात खाली घेतले. मग तिनंच पहिली टोपली दिली, वर म्हणाली, "परत आण हो. तुझा काय भरवसा, पुन्हा जाशील एकोणीस वर्षं." आणि तो हसला. मी विसरले होते त्याचा एक दात वाकडा आहे ते.

सगळ्यांनी पाळ्या दिल्या. एकानंही नाही म्हटलं नाही. राख खरवडून अंजिरांखाली नेली, ती त्यानं स्वतः पसरली, सांगितलंस तशी पातळ. पहाटे फजरच्या नमाजानंतर पाट सोडला. बेंती, तू हे बघायला हवं होतंस. धुकं गुडघ्यापर्यंत, धुक्याखाली पाणी. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. तो अनवाणी मध्ये उभा. झाडं डुलत होती, वारा नव्हता तरी. एक बेडूक त्याच्या पायावर बसला आणि बसूनच राहिला. मला वाटलं आपण सगळे कोणाच्या तरी झोपेत आहोत, आणि तो झोपणारा इतका गाढ आहे की कोणी हाक मारू नये. खालच्या बांधातून पाणी करडं निघालं, मग चहासारखं, मग स्वच्छ.

लाल भुकटी दिली. आमचे हात अजून मेंदी लावल्यासारखे आहेत. लोक विचारतात, कोणाचं लग्न?

आज शेंडे पाहिले. हिरवे आहेत. खोटं नाही सांगत, अगदी कोवळे हिरवे. त्यानं घोंगडीची दोरी सोडली.

आता दुसरं. सेल्लाम काल शहरातून आला. संस्थेच्या दारावर यादी लागली आहे म्हणाला, कोणाच्या कुठल्या पायऱ्या घेणार त्याची. आमच्या नावासमोर पहिली आणि दुसरी. तिसरी नाही. तारीख जुलैची, आणि खाली सही तुझी.

म्हणजे तू मला दोन चमचे मीठ सांगत होतीस तेव्हा ती पायरी तू आधीच काढून टाकली होतीस. मी त्या माणसाला काय सांगू? त्याला अजून सांगितलेलं नाही. तो रोज सकाळी शेंडे मोजतो आणि मला येऊन सांगतो.

मला कडू बोलता येतं, पण लिहायला अजून शिकवलं नाही त्या पोरीनं.

रहिमो


शाउएन, २५ ऑगस्ट

अम्ती,

यादी खरी आहे. सही माझी आहे.

तुमच्याकडून आले त्याच आठवड्यात मी अहवाल दिला: "तिसरी पायरी वगळावी." अशा अवस्थेतल्या दुसऱ्या कोणाच्या शेतासाठी मी "पुन्हा पाहावी" असं लिहिलं असतं. तुमच्यासाठी लिहिलं नाही. नाव आडवं आलं. भाचीनं आत्याला सवलत दिली असं कोणी म्हणू नये म्हणून मी आत्याला इतरांहून कमी दिलं. ते अचूक नव्हतं. तुम्हाला कळवलं नाही, तेही अचूक नव्हतं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी फेरतपासणीचा अर्ज केला. मुख्य तंत्रज्ञांनी विचारलं, "नात्यातलं शेत आहे का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "हे जुलैत का नाही सांगितलंस?" मी अर्जावर नातं लिहून दिलं. त्यामुळे मी येणार नाही, दुसरा तंत्रज्ञ शनिवारी येईल. तो तुम्हाला ओळखत नाही आणि मी त्याच्याशी या शेताबद्दल एक शब्दही बोललेली नाही. काय लिहायचं ते तो ठरवेल.

तोपर्यंत पिवळी पानं तोडून झाडं देखणी करू नका. त्याला ती दिसू द्या. पाणी आता कमी. फुलं पिकत आली की खालची आणखी काही पानं पिवळी होतील, सगळीकडे, वरच्या पायऱ्यांवरसुद्धा. तो आजार नाही. झाडाचं देणं संपत आलेलं असतं. त्यावर औषध देऊ नका.

मफद्दल यांना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. सांगितलंत तर सहीचं नावही सांगा.

नुहैला


शाउएन, २४ सप्टेंबर

अम्ती रहिमो,

तीन सलाम.

तुम्ही महिनाभर पत्र पाठवलं नाहीत. कारण मला माहीत आहे. तरी परवा काट्यावर जे झालं ते तुम्हाला कळायला हवं. गुडघ्यामुळे तुम्ही आला नाहीत, आणि मफद्दल ते सांगतील असं वाटत नाही.

फेरतपासणीचा अहवाल मी नंतरच वाचला. एकच ओळ आहे: "खालची पानं गेली आहेत, वरचा फुलोरा निरोगी, बुरशी नाही, घ्यावी."

सोमवारी सेल्लामनं गठ्ठे उतरवले. मफद्दल व्हॅनमधून उतरले आणि गोदामाच्या दाराबाहेर उभे राहिले. दारावर दोन शिपाई होते. त्यांनी शिपायांकडे पाहिलं नाही, त्यांच्या बुटांकडे पाहिलं. मी आत टेबलाशी होते. मी बाहेर गेले नाही. जावं असं वाटलं होतं. मग ते स्वतःच आत आले.

कारकुनानं कागद पाहिला. "परवाना रहिमोच्या नावे. माल कोणी आणला?"

"मी."

"मी म्हणजे कोण? नाव सांगा."

ते दाराकडे वळून बघत राहिले. मग म्हणाले, "मफद्दल वल्द हम्मू."

"जरा मोठ्यानं. पंखा चालू आहे."

तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले. गोदामभर ऐकू गेलं, छपरावरची कबुतरं उडाली. आणि मग ते थांबले. कोणीतरी वळून पाहील याची वाट बघत होते. कोणी पाहिलं नाही. एक शिपाई जांभई देत होता. कारकून म्हणाला, "गाव?" त्यांनी गाव सांगितलं.

तिसऱ्या पायरीचा गठ्ठा शेवटी चढला. इतर दोन्हींपेक्षा हलका भरला, तशी अपेक्षा होती. काटा स्थिर झाला तेव्हा त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला आणि कारकुनाला पुन्हा वजन करावं लागलं. पावती घडी करून टोपीखाली गेली.

मग ते माझ्यापाशी आले. पिशवीतून मधाची बरणी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "रहिमोच्या भावाची, हमूदाची मुलगी ना तू? रहिमो म्हणाली, आता ती तंत्रज्ञ नाही, माल चढला, आता भाची आहे. घेते का बघ."

मी घेतली. बरणी माझ्या खिडकीत आहे. दुपारी तिच्यातून ऊन येतं आणि टेबलावर त्या पायरीच्या रंगाचा डाग पडतो. डाग सरकत भिंतीपर्यंत जातो. मी काम थांबवून तो बघते. हे तुमच्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

ते निघाले आणि दारातून परत आले. विचारलं, "त्या घरात तू झोपायचीस ना लहानपणी?"

"हो. उत्तरेच्या खोलीत."

"आत पाटाचा आवाज येतो?"

मी आठवून पाहिलं. चुकीचं सांगून चालणार नव्हतं. डोळे मिटले तर भिंतीचा गारवा आठवला, तुमच्या हाताचा धुरकट वास आणि त्याच्याखाली पाणी. सगळी रात्र, उशीच्या आतून आल्यासारखं. म्हटलं, "येतो. खिडकी बंद असली तरी येतो. कोणी पाट ओलांडला की आवाज तुटतो आणि मग पुन्हा जुळतो."

ते म्हणाले, "मग ठीक आहे."

व्हॅनमध्ये ते बसले नाहीत. सेल्लाम ओरडत होता, "सी मफद्दल, चाळीस किलोमीटर आहे, पाय मोडतील!" ते म्हणाले, "रस्त्यानं जातो. रस्ता बघितला नाही बरीच वर्षं." ते वळणापर्यंत रस्त्याच्या मधोमध चालत गेले. मागून आलेली एक गाडी भोंगा वाजवून बाजूनं गेली. ते कडेला झाले नाहीत.

एवढंच मला माहीत आहे. पुढचं माझ्याकडे नाही. ते पोचले का, कुठे झोपले, आणि त्या खोलीत आता पाण्याचा आवाज येतो का, की माझी आठवण चुकली.

एक ओळ पुरेल. सेल्लाम बुधवारी येतो, म्हणजे गुरुवार, दोन ऑक्टोबरपर्यंत उत्तर माझ्या हातात पडेल असं पाठवा.

तुमची भाची,
नुहैला